दोन्ही बाजूंचा माणूस

माझ्या नवऱ्याच्या कपाळावर वीट बसली आणि मग आमच्या चाळीने त्याला शहाणा ठरवलं. त्याआधी तो खरोखरचा शहाणा होता, तेव्हा त्याला कुणी ढुंकून विचारलं नव्हतं. लालबागची आमची चाळ. वर-खाली सगळे मालवण-कणकवलीकडचे, गिरणीत राबणारे. माणसं मनाने वाईट नाहीत असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणत नाही. अकलेचे कांदे आहेत एकेक, आणि कांदा निदान कालवणात तरी पडतो.

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही अशी आमच्यात रीत. लिहायला बंदी नाही, म्हणून लिहिते: चिंतामणी. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पण इथे एकेरीच बरं पडेल. माझं नाव बकुळा.

चिंतामणी गिरणीत फोल्डिंग खात्यात कापड तपासायचा. टेबलावरून थान सरकत यायचं, हा नुसता तळवा फिरवायचा आणि सांगायचा, पास, नाहीतर बाजूला. विणकर हुज्जत घालायचे, आईबापावरून शिव्या द्यायचे, पण परत तपासलं की याचंच खरं निघायचं. का बाजूला काढलंस म्हणून साहेबाने विचारलं तर याला धड सांगता यायचं नाही. मासळीबाजारातही तेच. बांगड्यांच्या वाट्यांकडे एकदा बघायचा, एक वाटा पिशवीत टाकायचा आणि चालू लागायचा. कोळीण आपली बाकीच्यांची तारीफ करत मागे राहायची.

लग्नाचंही तसंच. तो आणि त्याचा थोरला भाऊ रघुवीर आमच्याकडे आले ते माझी चुलतबहीण चंपा हिला बघायला. चंपा गोरी, नाकेली, खाली मान घालून बसणारी. मी काळी, दात जरा पुढे, आणि तोंड असं की आई म्हणायची, हिला खपवायची तर मुक्या गावात. मी फक्त पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. पायऱ्या उतरताना हा भावाला म्हणाला, "ता नको. पाणी हाडल्यान ता." पाणी आणलं ती, म्हणजे मी. रघुवीर भावजींना चंपा पसंत होती. त्या तांब्याबद्दल त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही. पण मी मात्र त्या एका वाक्यावर आजवर ताठ मानेने चालले. ज्याची निवड चुकत नाही अशा माणसाने मला बघताक्षणी निवडलं होतं. देवाने मूल दिलं नाही, तेव्हासुद्धा हे एवढं माझ्याजवळ होतं.

मग छप्पन सालचा जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर ऐकलं आणि गिरणगाव पेटलं. रस्त्यावर पोलीस, गोळीबार, संचारबंदी. मेले ती आमच्यासारख्यांचीच पोरं, त्यांच्याबद्दल मी वेडंवाकडं बोलणार नाही. पण आमच्या चाळीचं शौर्य मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गुणाजी म्हणून वरच्या मजल्यावर राहतो, आवाज मोठा आणि बाकी सगळं बेताचं. त्याने गॅलरीतून पोलिसांच्या गाडीवर वीट फेकली. गाडी तिकडे नाक्यावर आणि वीट आमच्याच दारात. चिंतामणी तंबाखू आणायला खाली उतरला होता. ती बरोबर त्याच्या भुवयांच्या वर बसली.

संध्याकाळपर्यंत चाळीने ठरवून टाकलं की पोलिसांची लाठी बसली. गुणाजीच सांगत होता, डोळ्यांत पाणी आणून. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने दुसरीकडे बघितलं. मी बोलले नाही, कारण नवरा इस्पितळात बेशुद्ध असताना कुणाशी भांडायला अंगात बळ नव्हतं. नंतर बळ आलं, पण तोवर लाठीच खरी झाली होती.

इस्पितळ इथे परळलाच. जखम भरली, माणूस उठून बसला, मला ओळखलं, गिरणीतल्या सगळ्यांची नावं सांगितली, पाढे म्हणून दाखवले. मी देवाला नारळ बोलले. मग परिचारिकेने त्याला विचारलं, चहा घेणार की दूध. तो विचार करू लागला. चहाने तरतरी येते म्हणाला, दुधाने ताकद येते, चहा गरम मिळेल, दूध इथे पातळ असतं पण सकाळची वेळ आहे. ती दुसऱ्या खाटांना वाटून परत आली तरी याचं चाललेलंच.

तिथे एक तरुण डॉक्टर होता, पुणेरी बोलणारा. त्याला आमचा चिंतामणी फार आवडला. शिकाऊ पोरांना गोळा करून त्याच्यासमोर मोसंबं आणि केळं ठेवायचा आणि गंमत दाखवायचा. एकदा मी तिथेच उभी राहिले आणि विचारलं की हे काय आहे ते मलाही कळू दे, मी काही माकडवाल्याची बायको नाही. तो वरमला. मग मात्र नीट बोलला. म्हणाला, "बाई, आंबा गोड असतो आणि वांगं स्वस्त असतं. गोडीची आणि स्वस्ताईची तुलना होते का? होत नाही. पण आपला मेंदू दोघांना कुठेतरी एकाच मापात घालतो आणि सांगून टाकतो, हे घे. यांचं ते माप गेलं आहे. बाकी सगळं शाबूत आहे." ते परत कधी येईल असं मी विचारलं. तो चष्मा पुसायला लागला. ज्याला उत्तर येत नाही तो चष्मा पुसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पण त्याचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. तोवर मला वाटायचं, माणसं आधी कारणं बघतात आणि मग काय घ्यायचं ते ठरवतात. तसं नसतं. आधी आतून काहीतरी म्हणतं, हे हवं. कारणं म्हणजे वरातीमागून घोडं. आमच्या घरी नुसतीच घोडी येऊन उभी राहायची, वरातीचा पत्ता नाही.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मी दोन सदरे काढून ठेवले, एक पांढरा, एक रेघांचा. पाणी भरलं, केर काढला, भात टाकला, तरी हा बनियनवर तिथेच. पांढरा मळतो पण थंड असतो. रेघांचा नवा आहे पण बटण सैल आहे. चेहऱ्यावर ना राग, ना कंटाळा. मी रेघांचा सदरा उचलून ट्रंकेत टाकला आणि त्याने त्याच क्षणी पांढरा घातला. तेव्हा मला युक्ती सापडली. त्याच्यासमोर दोन वस्तू ठेवायच्याच नाहीत. एकच सदरा, एकच कालवण, बाहेर जायचं तर 'चला' म्हणायचं आणि पुढे व्हायचं. कुणीही 'चला' म्हटलं तरी तो उठायचा, म्हणून मी त्याला एकट्याला नाक्यापर्यंतही सोडायची नाही.

गिरणीला अशी युक्ती जमणार नव्हती. पहिल्या पाळीत टेबलावर थानांचा ढीग लागला आणि हा पहिल्या थानावरच बोट ठेवून उभा. दोष दिसत होते, सांगतही होता एकेक. पास की बाजूला, तेवढं सांगता येत नव्हतं. त्यांनी महिनाभर कळ काढली आणि मग घरी पाठवलं. मी त्यांना बोल लावत नाही. मी खानावळ सुरू केली. गावाकडून एकटे आलेले गिरणीवाले जेवायला येतात. भात, माशाची आमटी, असली तर भाजी. दुसरं काही मिळेल का म्हणून विचारणाऱ्याला मी जिना दाखवते.

आता चाळीचं शहाणपण ऐका. नळावरून कमलाबाई आणि राधा यांचं भांडण जुंपलं. दोघी लढत लढत आमच्या दारात आल्या, कारण चिंतामणी तिथे बाकावर बसला होता. त्याने दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं. मग कमलाबाईचं कुठे बरोबर ते सांगितलं, राधाचं कुठे बरोबर ते सांगितलं. परत कमलाबाईचं. कुणाला तोडून बोलला नाही, कुणाकडे झुकला नाही. इतका वेळ सांगत राहिला की तोवर नळाचं पाणी गेलं. दोघी रिकाम्या कळशा घेऊन समाधानाने घरी गेल्या. निकाल काय लागला हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

झालं. चाळभर बोभाटा, चिंतामणीसारखा न्यायी माणूस नाही. लोक रांग लावून यायला लागले. मुलाला गावी ठेवू की इथे, म्हशीत भागी घेऊ की नको, मेहुण्याशी बोलू की अबोला धरू. हा सगळ्यांना दोन्ही बाजू सांगायचा. ज्याच्या मनात जे होतं ते तो त्यातून उचलायचा आणि म्हणायचा, चिंतामणीने सांगितलं. मला हसू यायचं आणि नंतर राग यायचा. ज्यांची डोकी शाबूत होती त्यांना आपलं डोकं वापरायचं नव्हतं आणि ज्याचं फुटलं होतं त्याच्या दारात ते अक्कल मागायला येत होते.

गुणाजीने तर कळसच केला. चाळीच्या समितीचा अध्यक्ष म्हणून चिंतामणीचं नाव त्यानेच सुचवलं. लाठी खाल्लेला माणूस, शिवाय कुणाच्या बाजूचा नाही, म्हणजे गुणाजीला पाठीमागून हवं ते करायला मोकळा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत. सभा असली की गुणाजी त्याला 'चला' म्हणून न्यायचा, फेटा बांधायचा, हार घालायचा, मधल्या खुर्चीत बसवायचा. लोक झालाच पाहिजे, झालाच पाहिजे म्हणून ओरडायचे आणि माझा नवरा मध्ये बसून दोन्ही बाजूंचा विचार करायचा.

सत्तावन्नच्या निवडणुकीत त्याची चांगलीच जिरली, म्हणजे गुणाजीची. मत टाकायच्या खोलीत पडदा असायचा आणि पडद्यामागे उमेदवारांच्या वेगवेगळ्या पेट्या. चिठ्ठी आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायची. गुणाजीने वाजतगाजत अध्यक्षांना आत सोडलं. रांग तुंबली, मागची माणसं बोंबलायला लागली, शेवटी अधिकाऱ्याने आत जाऊन हाताला धरून बाहेर आणलं. चिठ्ठी त्याच्या हातातच होती. गुणाजीने बाहेर सांगितलं की अध्यक्षांना घेरी आली. लोकांना तेही पटलं, इथे काहीही पटतं.

हे असंच चाललं असतं. पण मे महिन्यात गावाहून रघुवीर भावजी आले, काजूची पिशवी आणि कोकमं घेऊन. पावसाला दर्या बंद होतो, त्याआधीच्या बोटीने परत जायचं होतं. भाऊच्या धक्क्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळची बोट. जेवून हात धुतल्यावर त्यांनी काम काढलं. सासूबाईंची दृष्टी गेली होती आणि त्या सारखं धाकट्याचं नाव घेत होत्या. म्हणून भावजींनी ग्रामदेवतेला कौल लावला होता. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीत देवालाच विचारतात. गुरव देवाच्या मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला पाण्याने फुलांच्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"देवान उजवो कौल दिल्यान," भावजी म्हणाले. "तेका गावाक न्हेतंय."

आणि मी? तेही त्यांनी योजलं होतं. मी इथेच राहायचं, कारण खानावळ चांगली चालली आहे, महिन्याच्या महिन्याला घरी काय ते पाठवत राहायचं. देवाने हेही सांगितलं का असं मी विचारलं. ते म्हणाले, यात देवाला काय विचारायचं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. माणूस भावासाठी दर्यातून आला होता आणि आईचं सांगताना उपरण्याने डोळे पुसत होता. फक्त माझं काय, हा प्रश्न त्याच्या डोक्याला शिवला नव्हता. चंपेला बघायला आला होता, तेव्हापासून मी त्याच्या हिशेबात पाणी आणणारीच.

बातमी जिन्याने चढली. अर्ध्या तासात गॅलरी भरली. गुणाजी अध्यक्ष जाणार म्हणून कासावीस. तो म्हणाला, "गावचो देव गावचा बघता. हयच्या मारुतीक नको विचारूक?" सगळ्यांना हे एकदम रास्त वाटलं. चाळीच्या तळमजल्यावर जिन्याखाली आमचा मारुती आहे. लगेच कुणी कळ्या आणल्या, कुणी तांब्या. गुणाजीने गुरवाचा आव आणून गाऱ्हाणं घातलं, दोन अंगांना दोन कळ्या लावल्या आणि सगळे हात जोडून उभे.

आमचा मारुती शेंदराचा. वर्षानुवर्षं तेलात कालवलेला शेंदूर त्याच्यावर चढतो आहे. त्याला माशी चिकटली तर ती तिथेच मरते. गावचा देव काळ्या पाषाणाचा, पाणी सुकलं की कळी गळते. इथे काय गळणार? चाळ उभीच. सूर्य कलला, मुलं कंटाळून गेली, भटारखान्यात माझी चूल विझली. कळ्या दोन्हीकडे घट्ट. कुणाच्याही डोक्यात हे आलं नाही. उलट कमलाबाई म्हणाली की प्रश्न फार कठीण आहे, देवसुद्धा दोन्ही बाजू बघतो आहे.

तेव्हा माझा संयम सुटला. मी म्हटलं, "तेंकाच विचारा ना. माणूस हय बसलोहा."

हे मी का म्हटलं? मला युक्ती ठाऊक होती. 'चला, आत' एवढं म्हणाले असते तर तो माझ्यामागे आला असता आणि भावजी बघत राहिले असते. पण मला ते नको होतं. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. सदरा नाही, केळं नाही, मी होते समोर. वाटलं, बाकी सगळं गेलं असेल, पण एवढं कुठेतरी तळाशी राहिलं असेल. चाळीला नावं ठेवणारी मी, मीही त्या वेळी कौलच लावला होता.

भावजींना हे चाललं. त्यांना वाटलं, रक्ताचं नातं आहे. गुणाजीलाही चाललं, त्याला वाटलं खुर्ची आहे. सगळे परत वर आले, चिंतामणीला गॅलरीत बाकावर बसवलं आणि भावजींनी त्याच्यापुढे उकिडवं बसून विचारलं, गावाला येतोस की इथे राहतोस.

तो बोलायला लागला. इतकं चांगलं बोलला की काय सांगू. आईचं सांगितलं, ती त्याच्यासाठी फणसाचे गरे तेलात ठेवायची ते. घरामागची वाट सांगितली, विहिरीच्या पाण्याची चव सांगितली. भावजी रडायला लागले. मग मुंबईचं सांगितलं. इथे इस्पितळ जवळ आहे, माणसं येतात, बसायला बाक आहे. सभेतला हार टोचतो पण वास चांगला असतो. मग माझ्यावर आला. बकुळा रांधते चांगलं. तिला आमटीचं तिखट कळतं. ती रागावते, पण टाकून बोलत नाही. तिचे दात पुढे आहेत. ती सकाळी एकच सदरा काढून ठेवते, त्यामुळे बरं पडतं. आजारात तिने माझं सगळं केलं, घाणसुद्धा काढली. ती झोपेत बोलते.

सगळं खरं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. गिरणीत थानाचे दोष सांगायचा त्याच आवाजात. लोक माना डोलवत होते. मी भिंतीला टेकून उभी होते.

"आवशीक दिसणा नाय," तो म्हणाला. "तिका माझो हात होयो. बकुळाक मी नसलंय तरी खानावळ चलात. आसलंय तरी चलात. आवशीकडे गेलंय तर बकुळा एकटी. हय रवलंय तर आवस एकटी. दोनय बरोबर."

आणि परत पहिल्यापासून. फणस, विहीर, बाक, मी. तिसऱ्या खेपेला कमलाबाई डोळे पुसत म्हणाली, काय तोलून बोलतो बाई. मला तिच्या कानशिलात द्यावीशी वाटली. मी पुढे झाले, भावजींना बाजूला केलं आणि त्याच्यासमोर बसले. चारचौघांत नवऱ्याच्या तोंडाकडे असं बघत नाहीत आमच्यात. मी बघितलं.

"आवशीचा ऱ्हवांदे, माझा ऱ्हवांदे," मी म्हटलं. "तुमका काय होया?"

तो थांबला. इतक्या महिन्यांत तो कधी असा थांबला नव्हता. मी श्वास धरला. खोटं कशाला सांगू, धरला.

"माका?" तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "होया म्हणजे कसा वाटता, ता माका आठवता, बकुळा. पण येना नाय."

हे त्याने रडून नाही सांगितलं. समजावून सांगावं तसं सांगितलं. आणि त्यातलं कुणालाही काही कळलं नाही, भावजींना नाही, गुणाजीला नाही. गुणाजी तर म्हणाला, कळ्या पुन्हा लावून बघू का, या खेपेला पाणी जास्त घेऊन.

म्हणजे इतके महिने मी ज्याची वाट बघत होते ते आतून 'हवं' म्हणणं यायचंच नव्हतं. मला कुणी निवडणार नव्हतं. एकदा निवडलं होतं, त्यावर आता कुणी परत शिक्का मारणार नव्हतं. आणि तिथे जमलेल्या सगळ्यांत, देव धरून, ज्याला काही हवं होतं आणि ते उचलायची छाती होती असं एकच माणूस उरलं होतं. सासूबाईंचं मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. एक आंधळी बाई ओटीवर बसून वाट बघते आहे, हे डोळ्यांपुढे आलं. तिचं माझ्याहून जास्त बरोबर असेल. मी ते तोलून बघितलं नाही.

मी उठले आणि म्हटलं, "चला. जेवचो वखत झालो."

तो उठला आणि माझ्यामागे आत आला.

बाहेर केवढा गलका झाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कमलाबाई दारात येऊन मला म्हणाली, "निवडल्यान गो तुका, आवशीक सोडून निवडल्यान." गुणाजी सांगत सुटला की अध्यक्षांनी मुंबई सोडायला नकार दिला, आता ही गोष्ट सभेत सांगायला हवी. भावजी उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण ते ओरडले नाहीत. आत येऊन भावाच्या डोक्यावर हात ठेवला, आपली ट्रंक उचलली आणि बोट सकाळची असूनही तेव्हाच धक्क्यावर झोपायला निघून गेले. मी त्यांना काजूची पिशवी परत देऊ केली. त्यांनी घेतली नाही.

खानावळीची माणसं यायला अजून वेळ होता. चूल पुन्हा पेटवली, आमटी गरम केली, त्याचं पान मांडलं. तो जेवायला लागला. भात कालवता कालवता त्याने विचारलं, "दादा गेलो?"

"गेले."

"बरा झाला," तो म्हणाला.

माझा हात भांड्यावर तसाच राहिला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने एक घास घेतला, नीट चावून गिळला आणि पुढे म्हणाला, "रवलो असतो तरी बरा झाला असता."

मी उलथनं उचललं आणि त्याला न विचारता आणखी भात वाढला.